"तुझं काही हरवलंय का गं?" : आमच्या मल्टीच्या रहवासी संघाला खुलं पत्र

अध्यक्ष काका, सचिव साहेब आणि कार्यकारिणीतली सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

लिफ्टजवळ लावलेली नोटिस वाचली. तीनदा वाचली, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना, आणि एकदा रात्री मुद्दाम चप्पल घालून खाली जाऊन. "सर्व विदेशी जनावरे पंधरा दिवसांच्या आत परिसराबाहेर काढावीत." खरं सांगू, राग नाही आला, कारण ही नोटिस माझ्यामुळं लागलीये हे मला माहितीये आणि एव्हाना गेटवरच्या भैय्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माहितीये. तरी पण हे लिहितेय, आणि ग्रुपवर न टाकता उघड लिहितेय, कारण अन्नपूर्णा रोडवरच्या आपल्या एका मल्टीची ही गोष्ट नाही, विजयनगरला जा नाहीतर बायपासच्या टाउनशिपमध्ये जा, कुठंतरी एखाद्या फ्लॅटमध्ये इग्वाना म्हणजे मोठा हिरवा सरडा आहे, कुठंतरी मकाव म्हणजे मोठा रंगीत पोपट आहे, आणि शेजाऱ्यांना पत्ता नाहीये. (इंदूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे अपार्टमेंटला मल्टी म्हणतात, आणि चावीला चाबी, आमची पुण्याची वहिनी ह्यावर अजून हसते.)

ज्यांना अर्धवट माहितीये त्यांच्यासाठी आधी पूर्ण सांगते, कारण लिफ्टमध्ये ह्या गोष्टीचे चार प्रकार मी स्वतः ऐकलेत आणि एकात तर साप दहा फुटांचा होता.

मी ३०२ मध्ये भाड्यानं राहते. माझ्याकडे चकली आहे. चकली म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, साडेतीन फूट, विष नाही, घाबरली की डोकं मधे घेऊन स्वतःभोवती गुंडाळून बसते म्हणून नाव चकली. (आईला हे नाव मुळीच आवडलेलं नाही, ह्या दिवाळीला तिनं फक्त कडबोळी केली.) नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतो हा प्राणी, म्हणजे मी म्हातारी व्हायला लागेन तेव्हा पण चकली असेल, आणि घेताना ह्याचा विचार शंभरातले किती जण करतात देव जाणे.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास लाइट गेली. मी चकलीच्या टँकमधलं पाणी बदलत होते, एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हातात वाटी. झाकण लावलं. झाकणाला दोन क्लिपा आहेत, मी एकच लावली. दुसरी लावायला मोबाईल खाली ठेवावा लागला असता आणि खाली अंधारात पाणी सांडलं होतं. बस, एवढंच कारण आहे, ह्याच्याहून मोठं काही कारण असतं तर मला बरं वाटलं असतं. लाइट दोन-अडीच तास आली नाही, हीट मॅट बंद, टँक गार पडला, आणि गार पडलं की हा प्राणी उबेच्या शोधात निघतो. ह्यांच्या ओठांच्या कडेला बारीक खड्डे असतात, त्यांनी मिट्ट काळोखात पण गरम वस्तू कुठंय ते कळतं. आणि सापाचं डोकं जिथून निघतं तिथून सगळा साप निघतो. हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवलंय, मोठ्या शहाणपणानं.

शनिवारी सकाळी टँक रिकामा.

फ्रिजच्या मागं पाहिलं, तिथं कॉम्प्रेसरची उब असते. इन्व्हर्टरच्या मागं पाहिलं. दिवाण उपसला, कूलरचं बंद खोकं उघडलं, बूट झटकले, गीझरच्या वर टॉर्च मारला. नाही. मग रात्री प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर आणि भिंतीच्या कडेनं मैदा चाळून ठेवला, ही साप पाळणाऱ्यांची जुनी युक्ती आहे, साप रात्री फिरतो आणि सकाळी मैदा सांगतो कुठून कुठं गेला. आणि मैद्यानं सांगितलं. वॉश एरियाच्या दारात एक रेघ होती, तीन बोटं रुंद, सावकाश वळत गेलेली, वॉशिंग मशीनच्या मागून पाइपाच्या भोकापर्यंत. मैदा तिथं पुसल्यासारखा साफ होता. भोकाच्या पलीकडे डक्ट, आणि डक्टमध्ये खाली दोनशे दोनचा वॉश एरिया, जिथं काकूंचे चार लव्हबर्ड असतात हे मला माहीत होतं, कारण रोज सकाळी माझा चहा त्यांच्या किलबिलाटात होतो. (काकू लव्हबर्ड म्हणतात, आपल्याकडे सगळेच म्हणतात, खरं तर ते बजरीगर. असो.)

रविवारी सकाळी साडेसातला मला हे कळलं होतं, आणि मी कोणालाही सांगितलं नाही.

ग्रुपवर मेसेज टाइप केला, "सर्वांना कळवायचं होतं की", आणि खोडला. परत टाइप केला, परत खोडला, असं चारदा. डोक्यात एकच की घरमालकाला कळेल, ते म्हणतील घर खाली कर, ह्या शहरात एकट्या मुलीला घर मिळायला काय काय ऐकावं लागतं ते ज्यांनी शोधलंय त्यांना विचारा, त्यात साप. म्हटलं रात्री परत मैदा टाकू, येईल परत, भुकेची वेळ नाहीये तिची, कोणाला काही करणार नाही. सगळी खरी वाक्यं, आणि सगळी स्वतःला थोपटायला.

सोमवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला.

"तुझं काही हरवलंय का गं?" काकू म्हणाल्या. ओरडून नाही, एकदम हळू. "काहीतरी आमच्याकडे आलंय."

मी चप्पल न घालता खाली पळाले. वॉश एरियात पिंजरा टांगलेला, त्यावर काकांची जुनी शाल पांघरलेली आणि आत साठचा बल्ब लावलेला, थंडीत पक्ष्यांना उब राहावी म्हणून काकू दर हिवाळ्यात लावतात. त्या थंडगार डक्टमध्ये सगळ्यात गरम जागा कोणती असेल तर तीच. चकली शालीच्या खाली, पिंजऱ्याच्या वर, गोल. आत शिरायला फट नव्हती, तिनं कोणाला खाल्लं नाही, तोंड पण लावलं नसेल. पण अंधारात वर काहीतरी हलतंय म्हटल्यावर चारही पक्षी घाबरून जाळीवर आपटत राहिले, बजरीगर आणि कॉकाटील रात्री असे बिथरले की थांबत नाहीत, दिसत नाही ना त्यांना. तिघं वाचले. निळा होता तो खाली पडला होता, मान एका बाजूला. खाली पेपर अंथरलेला, त्यावर कांगणीची फोलपटं आणि निळी पिसं, एक पीस चकलीच्या पाठीला चिकटलेलं.

मी चकलीला उशीच्या खोळीत घातलं, गाठ मारली आणि तिथंच फरशीवर बसून रडले. काकूंनी मला पाणी दिलं. हातात लाटणं होतं त्यांच्या, नंतर मला सांगितलं की आधी मारायलाच उचललं होतं, मग म्हटलं ह्या पोरीचं असेल. आणि मग एक बोलल्या, जे मला त्या दिवसापासून सुटत नाहीये: "काल सांगितलं असतंस तर मी पिंजरा आत घेतला असता."

बघा, म्हणजे क्लिप ही माझी चूक नंबर एक, ती कबूल. पण पक्षी क्लिपेमुळं नाही गेला. पक्षी त्या चार वेळा खोडलेल्या मेसेजमुळं गेला. सकाळी साडेसात ते पहाटे तीन, साडेएकोणीस तास होते आपल्या हातात, पिंजरा चार पावलं आत आणायला.

आता तुमच्या नोटिसबद्दल. ती लागल्यापासून मल्टीत काय चाललंय ते तुम्हाला सांगते, कारण माझ्याशी आता सगळे "तुझ्यातलेच" समजून बोलतात. एकाकडे दोन कासवं आहेत, रेड इअर्ड स्लायडर, कानाजवळ लाल पट्टा असलेली. बाजारातून आणली तेव्हा दोन रुपयाच्या नाण्याएवढी होती, आता डिशएवढी झालीत आणि टबात मावत नाहीत, आणि तो दादा मला पार्किंगमध्ये म्हणाला, "सिरपूरला सोडून येतो रविवारी, कोणाला कळतंय." एक जण म्हणाले आमच्याकडे काही नाहीचे, आणि त्यांच्या बाथरूममधून पोपटासारखा कसला तरी आवाज येतो, खिडकी बंद करून ठेवलीये आता. बाथरूममध्ये. म्हणजे पंधरा दिवसांनी काय होणार तर काही जनावरं तलावात जातील, काही बाथरूममध्ये जातील, आणि तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल की परिसरात एकही विदेशी जनावर नाही. आणि पुढच्या जानेवारीत काही सुटलं तर सांगेल कोण? मी तर तेव्हा नोटिस नसताना सांगितलं नव्हतं.

सिरपूरचं जरा थांबून बोलू दे. आपण सकाळी फिरायला जातो तो तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलाय, इंदूरजवळचा यशवंत सागर पण त्याच वर्षी, आणि इंदूरवाल्यांनी तेव्हा किती मिरवलं. ही लाल पट्ट्याची कासवं जगातल्या शंभर सगळ्यात वाईट आगंतुक प्रजातींच्या यादीत आहेत, अमेरिकेतून निघाली आणि पाळायच्या हौसेपायी जगभर पसरली, युरोपनं १९९७ मध्येच त्यांची आयात बंद केली, आपल्याकडे गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात पण सापडलीयेत. जे मिळेल ते खातात, आणि उन्हात बसायची जागा आपल्या कासवांना मिळू देत नाहीत. सोडणाऱ्याला वाटतं पुण्य केलं, मोकळं केलं. तेच टँक साफ करतो म्हणून आणलेल्या सकर फिशचं, फूटभर झाला की लोक तलावाचा रस्ता धरतात. आणि सापाचं उदाहरण हवं असेल तर फ्लोरिडाचं बघा, तिथं पाळीव बर्मी अजगर दलदलीत सुटले, सोडले गेले, आणि २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की जिथं ते सगळ्यात जास्त वर्षं होते तिथं रॅकून दिसणं ९९ टक्क्यांनी कमी झालंय. माझी एकटी चकली माळव्यात असं काही करणार नाही, डिसेंबरच्या एका रात्रीत मरून जाईल बिचारी, पण मरून जाईल हे पण काही सोडून द्यायच्या बाजूचं कारण नाही ना.

दुसरं, "विदेशी" हा शब्द. विदेशी म्हणजे गुन्हा आणि देशी म्हणजे ठीक, असं नोटिस वाचून वाटतं, आणि कायदा बरोबर उलटा आहे. चकलीचा कागद माझ्याकडे आहे. २०२० मध्ये केंद्रानं स्वेच्छेनं जाहीर करायची योजना आणली होती तेव्हा तिच्या आधीच्या मालकानं नोंद केली, तो इंदूर सोडून गेला तेव्हा ती माझ्या नावावर झाली, मग वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती आली, त्यावरून २०२४ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले आणि परिवेश ह्या सरकारी पोर्टलवर परत नोंद करायला सहा महिने दिले, ती पण केली. बॉल पायथन, आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतलं जे काही घरात आहे त्याची नोंद लागते, पिल्लं झाली, कोणाला दिलं, मेलं, तरी तीस दिवसांत कळवायचं. बजरीगर आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत, काकू निर्धास्त राहा. पण आपला हिरवा मिठ्ठू, तो कोणत्याच कागदावर पाळता येत नाही, आपला देशी पोपट आहे म्हणूनच नाही, आणि पाठीवर चांदण्या असलेली स्टार कासवं तर अजिबातच नाही. आता नोटिसवर ज्यांच्या सह्या आहेत त्यातल्या एका घरी गॅलरीत मिठ्ठू आहे, "राम राम" म्हणतो, फार गोड आहे, मी लहान मुलांबरोबर त्याच्याशी बोललेय. नाव घेत नाही आणि वनविभागात पण जाणार नाहीये, फक्त म्हणतेय की यादी करायचीच तर सगळ्यांची करू. (आणि प्लीज हे वाचून त्याला उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला कावळे दोन तास ठेवणार नाहीत, वनविभागालाच विचारा.)

मी सुटावं म्हणून हे सांगत नाहीये. माझ्यावर तक्रार होऊ शकत होती. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होईल अशी हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काकूंनी तक्रार केली नाही हा त्यांचा मोठेपणा, माझा हक्क नाही. पण त्या कलमात पण माणसाचंच बघितलंय, शेजाऱ्याच्या पक्ष्याचं काय, मांजरीचं काय, ते शेवटी आपल्या आपल्यातच ठरवावं लागणार.

तर माझं म्हणणं असं की नोटिस उतरवा आणि त्या जागी एक वही ठेवा. ऑफिसमध्ये, चौकीदाराकडे नाही. कोणाकडे काय आहे, किती आहे, दिसतं कसं त्याचा फोटो, कागद लागतो का आणि आहे का, कुठला डॉक्टर बघतो. डॉक्टरचं मुद्दाम लिहिते, कारण इंदुरात कुत्र्या-मांजराचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत पण साप म्हटलं की निम्मे हात वर करतात, मी एकदा चकलीला श्वासाचा त्रास झाला तेव्हा चार दारं फिरले, ज्याला डॉक्टरच माहीत नाही त्यानं तो प्राणी घेतलाच कसा हे विचारायचा हक्क मल्टीला असू दे.

आणि नियम एकच कडक ठेवा. सुटलं की एका तासाच्या आत ग्रुपवर सांगायचं. सांगितलं तर दंड नाही, घर खाली करायची भाषा नाही, घरमालकाला फोन नाही. लपवलं आणि नंतर कळलं तर दंड, चांगला दणदणीत, आणि पहिला दंड माझ्याकडून घ्या, मागच्या तारखेनं. ज्या दिवशी मला माहीत असतं की सांगितल्यावर माझं घर जाणार नाही त्या दिवशी मी तो मेसेज पहिल्याच वेळी पाठवला असता, असं मला वाटतं, निदान वाटायला आवडतं.

पाळणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे वळते, कारण संघाला सांगायला मी शूर आणि आपल्या लोकांना सांगायला मऊ असं नको. क्लिपांवर भरवसा ठेवू नका, कुलूप लावा, माझ्या टँकला आता छोटं पितळी कुलूप आहे आणि त्याची एक चाबी काकूंकडे, का तर मी गावाला गेले आणि इथं काही झालं तर कोणीतरी बघू शकेल. टँक ज्या खोलीत आहे त्या खोलीचं दार वेगळं बंद व्हायला हवं, खाली फट असेल तर रबराची पट्टी मारा, बाथरूमच्या जाळ्या बघा, पाइपांभोवतीची भोकं बघा, मिस्त्री लोक पाइप टाकतात आणि भोक तसंच सोडून जातात, आपल्या मल्टीत एक पण फ्लॅट असा नसेल जिथं वॉश एरियात भोक नाही. लाइट गेल्यावर टँक उघडायचाच नाही, हा माझा नवा नियम आहे, तहानलेला साप दोन तास थांबू शकतो.

रविवारी बागेत साप गळ्यात घालून मुलांना दाखवणं बंद करा. हो, मी पण केलंय, रंगपंचमीला सगळे खाली होते तेव्हा, गेरवरून, म्हणजे आमच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीवरून, परतलेल्या पोरांनी फोटो काढले, मला पण मजा आली. पण सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब-तापाचे जंतू असू शकतात, प्राणी ठणठणीत दिसतो तरी, म्हणून तर अमेरिकेत १९७५ पासून चार इंचाखालची कासवं विकायलाच बंदी आहे, लहान पोरं तोंडात घालायची म्हणून. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना हात लावू देऊ नका, हात लावला की साबण, टँक किचनच्या सिंकमध्ये धुवू नका, आणि ते पाणी खाली कुंड्यांमध्ये ओतू नका जिथं मल्टीची मांजरं तोंड लावतात. लिफ्टमधून न्यायचं तर कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, डब्याला झाकण, आणि लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या फेरीत. सगळ्यांनी आपली हौस का सहन करायची?

पक्षीवाल्यांनो, नवीन पक्षी आणला की लगेच जुन्यांशेजारी टांगू नका, आणि शेजारच्यांच्या गॅलरीला लागून तर मुळीच नाही. महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा. पोपटांच्या जातीत पिसं आणि चोच सडवणारा एक व्हायरस असतो, पिसांच्या धुळीतून पसरतो, आणि बाजारातल्या एका पिंजऱ्यात चाळीस पक्षी कोंबलेले असतात तिथून काय घेऊन येईल सांगता येत नाही. दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, नोंदणी लागते, घ्यायच्या आधी नोंदणीचा कागद मागा, नुसतं मागून बघा दुकानदाराचं तोंड कसं होतं ते.

आणि मांजरवाल्यांनो, हसू नका, तुम्ही पण आहात ह्यात. चौथ्या मजल्यावरचा इग्वाना गच्चीवर उन्हाला ठेवतात, काचेच्या पेटीत नाही हां, काचेत तापून मरेल, जाळीच्या पिंजऱ्यात, आणि पाचशे एकची मांजर पिंजऱ्यात पंजा घालते. पक्ष्याला मांजरीचा नुसता ओरखडा लागला तरी तो अर्जंट मामला असतो, तिच्या दातानखांतले जंतू एक-दोन दिवसांत पक्षी संपवतात, जखम दिसत पण नाही. शेजाऱ्याचं जनावर माझ्यापासून जपायचं तसं माझं तुमच्यापासून, वही दोन्ही बाजूंनी चालते.

संघाकडून एकच गोष्ट मागते, फवारणीची. पेस्ट कंट्रोलवाला येतो तेव्हा आम्हाला त्याच दिवशी सकाळी कळतं, कधी डक्टमध्ये मारून झाल्यावर वासानं कळतं. झुरळाच्या औषधांत जे असतं त्यातलं बरंचसं मांजरांना आणि माशांना विष आहे, पक्ष्यांची फुप्फुसं तर इतकी नाजूक की धूर पण सोसत नाही. दोन दिवस आधी ग्रुपवर टाका, आम्ही खिडक्या लावू, एअर पंप बंद करून टाक्या झाकू, पिंजरे आत घेऊ.

एक भीती अजून, आणि ही खरी भीती आहे. आता मल्टीत कुठंही साप दिसला की सगळे म्हणणार "तीनशे दोनची सुटली". पावसाळ्यात आपल्या पार्किंगमध्ये धामण निघते, कधी घोणस पण निघते, आणि घोणस जाड, तपकिरी, अंगावर गोल ठिपक्यांच्या साखळ्या, नवख्या माणसाला अजगराचं पिल्लू वाटते. लोकांनी अजगर समजून घोणस उचललीये आणि हात गमावलेत. म्हणून हात जोडून सांगते, साप दिसला तर तो चकली आहे असं समजून कोणी जवळ जाऊ नका, काठी पण मारू नका, लांबून फोटो काढून मला पाठवा, एका मिनिटात सांगते माझी आहे की नाही, नसेल तर सर्पमित्राला बोलवू, तोवर मुलांना वर घ्या. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर फोटो पण काढू नका.

कासवांचं मी त्या दादाशी बोलले. तो सिरपूरला जाणार नाहीये, टब मोठा करतोय, खर्च निम्मा मी देईन म्हटलंय, तो म्हणाला बघू. बाथरूममधल्या पोपटाचं तुम्ही बघा, मला नाही सांगणार ते, पण नोटिस उतरली तर खिडकी उघडतील कदाचित.

काकूंकडे आता तीन पक्षी आहेत. मी नवा आणून देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या, आणलास तर महिनाभर तुझ्याकडेच ठेव, तूच म्हणतेस ना. त्यांना पक्षी नको होता, दुसरं काहीतरी हवं होतं, ते पण त्यांनीच सांगितलं, डक्टकडचं भोक त्यांच्या बाजूनं पण बंद करून हवंय.

येत्या रविवारी अकराला पार्किंगमध्ये मीटिंग ठेवली आहे असं कळलं. मी येणार आहे, कागद घेऊन, काकू पण येतो म्हणाल्यात. चकलीला आणणार नाही.

मिस्त्री गुरुवारी येतोय, ३०२ आणि २०२ च्या पाइपांना पत्रा आणि बारीक जाळी, पैसे माझे, अजून कोणाला त्याच खेपेत आपलं भोक बुजवून घ्यायचं असेल तर बुधवारपर्यंत सांगा. दुपारी दोन ते चार ह्या लाइनचं पाणी बंद राहील, भरून ठेवा.

आपली,
३०२